बायजाचं टाकं आणि सरांची खळ

आमच्या वाचनालयात भुताखेतांच्या पुस्तकांचं एक वेगळं कपाट होतं आणि त्यावर 'करमणूक' अशी चिठ्ठी मी स्वतःच्या हातानं लावली होती. यावरून माझी मतं काय होती ते समजून घ्या. ती पुस्तकं परत यायची तेव्हा त्यांत काय काय निघायचं — वाळलेला भात, चिरडलेले डास, केसांचे गुंते, एकदा तर अर्धी चघळलेली सुपारी. सव्वीस वर्षं मी ते झटकलं, पुसलं. एकही भूत कधी मदतीला आलं नाही. माझी श्रद्धा नव्हती ती अशी, अनुभवावर आधारलेली.

नाव सुनंदा, वय त्रेपन्न. हे लिहू नको असं माझ्या बहिणीनं बजावलंय. "लोक म्हणतील, नोकरी गेली आणि डोकंही गेलं." म्हणोत. मला जे दिसलं ते सांगते, अर्थ तुम्ही लावा... मला तरी लागलेला नाही.

वाचनालय भोरमध्ये, बाजारपेठेतून नदीकडं उतरताना डाव्या हाताला. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. पुढं वाचायची खोली, मध्ये देवघेव, मागं सरांची खोली. त्या मागच्या खोलीला एकच दार, खिडकीला लोखंडी जाळी. किल्ल्या दोन. एक माझ्याकडं, दुसरी अध्यक्षांकडं. हे नीट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

सर म्हणजे शिंत्रेसर. इतिहासाचे अभ्यासक, आमचे ग्रंथपाल, आणि ग्रामकोशाचे संपादक — तिन्ही कामं एकाच माणसाची, आणि मी त्यांची मदतनीस. ग्रामकोश म्हणजे भोर आणि वेल्हे तालुक्यांतलं प्रत्येक गाव, वाडी, वस्ती, देऊळ, पाणवठा यांच्या नोंदींचा संदर्भग्रंथ. पस्तीस वर्षं चाललेलं काम. सर एसटीनं जायचे, पुढं पायी जायचे, विचारायचे, चिठ्ठीवर लिहून आणायचे. आणि त्यांची एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुठल्या संपादकाची असेल असं वाटत नाही. नोंद लिहून झाली की ते पुन्हा त्या गावाला जायचे. जुनं माणूस गाठायचे, त्याच्यासमोर बसून नोंद मोठ्यानं वाचायचे आणि शेवटी विचारायचे, "असंच का?" समोरचा "व्हय" म्हणाला की चिठ्ठीवर बरोबरची खूण, आणि मगच ती मूळ बाडात, म्हणजे कोशाच्या हस्तलिखितात, चिकटवायची. "न्हाई" म्हणाला की पेन्सिलीनं भोपळा. भोपळ्याखाली नाही म्हणणाऱ्याचं नाव आणि वार. भोपळा मिळालेली चिठ्ठी बाडात राहायची नाही.

"सर, एका नोंदीसाठी दोन-दोन खेपा?" मी एकदा वैतागून म्हणाले होते.

"सुनंदाबाई, कागद खोटं निमूट ऐकून घेतो," ते म्हणाले. "माणूस घेत नाही. म्हणून जायचं."

एवढा मोठा माणूस, पण घाणेरडा. हो, स्पष्ट सांगते. मला त्यांचा आदर होता आणि त्यांची किळसही यायची. चिठ्ठ्या चिकटवायला त्यांना बाजारातला गम चालायचा नाही. घरून मैद्याची खळ शिजवून आणायचे, कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचे, आणि ते भांडं टेबलाखाली आठवडा-आठवडा ठेवायचे. ब्रश नाही, काही नाही. बोट बुडवायचं, चिठ्ठीच्या पाठीला फासायचं, अंगठ्यानं दाबायचं, उरलेलं शर्टाला पुसायचं. त्याच बोटांनी चहाचा कप धरायचे. त्यांच्या कपाच्या कडेला कायम पांढरट खरपुड्या. तो आंबूस वास माझ्या साड्यांना घरापर्यंत यायचा.

दिवाळीनंतर सर गेले. पुण्याला दवाखान्यात आठ दिवस होते, मग भोरला आणलं. नदीकाठी अग्नी दिला तेव्हा मी स्वतः तिथं उभी होते. हे एवढ्यासाठी सांगतेय की कोणी मला 'खात्री होती का' म्हणून विचारू नये.

दिवस झाल्यावर मी त्यांची खोली आवरली. टेबलाखालचं भांडं बाहेर ओढलं. वर हिरवी-काळी बुरशी, तिच्याखाली पाणी सुटलेलं, आणि मोरचूद असूनही त्यात बारीक पांढरे किडे वळवळत होते. मला उलटी झाली. भांड्यासकट सगळं नदीपलीकडच्या उकिरड्यावर नेऊन टाकलं आणि फरशी फिनेलनं तीनदा पुसली. त्यानंतर वाचनालयात खळ नव्हती.

आता अध्यक्षांकडं वळते. त्यांचं नाव घेत नाही, घेतलं तर चूळ भरावी लागेल. हा माणूस वाचनालयात यायचा तो कॅटलॉगचं कार्ड दुमडून दात कोरायला. कोरून झालं की कार्ड परत ड्रॉवरमध्ये. मी ती कार्डं चिमट्यानं उचलून फेकायची. संक्रांतीनंतर एका दुपारी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. कोश छापायला द्यायचा होता, पाडव्याला प्रकाशन.

"मॅडम, एक नोंद जरा सुधारून घ्या," ते म्हणाले. "वेल्ह्याकडची. मरगळ्यांच्या वस्तीवरचं पाणी. ते आमच्या आजोबांनी काढलेलं."

"सरांची नोंद वेगळी आहे," मी म्हणाले.

"सर आता कुठं आहेत?" असं म्हणून त्यांनी कार्ड दुमडलं. "आणि हो, पहिल्या पानावर संपादक म्हणून तुमचं नाव टाकायचं म्हणतोय. सरांच्या बरोबरीनं. सव्वीस वर्षं तुम्ही काय कमी राबलात?"

त्या वस्तीखालची जमीन ते घेत होते, रिसॉर्ट का काय ते बांधायला, हे भोरमध्ये सगळ्यांना माहीत होतं. पाणी आजोबांचं ठरलं की पुढचं सोपं. मला ते कळत नव्हतं असं नाही. पण माझं नाव... पहिल्या पानावर... सरांच्या बरोबरीनं. सव्वीस वर्षांत 'सुनंदा' हे नाव मी हजेरीपटाशिवाय कुठं छापलेलं पाहिलं नव्हतं. मी पेढा खाल्ला. तो गोडही लागला, हे जास्त वाईट.

सरांची नोंद अशी होती : 'बायजाचं टाकं. वस्तीच्या वर, कड्याच्या पोटात. उन्हाळ्यात म्हशी खडक चाटताना पाहून बायजा मरगळे हिने एकटीने पहारीने खोदले. पाणी लागले त्याच दिवशी वरची शिळा सरकून बायजा गेली. पाणी बारमाही.' खाली बरोबरची खूण, आणि 'सांगणार : ठकूबाई मरगळे, बायजाची मुलगी'.

ठकूबाईंना मी ओळखत होते. त्या नोंदीच्या वाचनाला सर मला सोबत घेऊन गेले होते. तेव्हा त्या सत्तरीच्या असतील. वाचून झाल्यावर "व्हय" म्हणाल्या आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, माज्या आयचं नाव कुटल्याच कागदावर न्हाई. सात-बाऱ्यावर न्हाई, फोटू न्हाई. ह्या एका बुकात तेवढं ऱ्हाऊ द्या." मी मान हलवली होती.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता, वाचनालय जेवणासाठी बंद असताना, मी ओल्या स्पंजनं सरांची चिठ्ठी सोडवली. फेकवली नाही. आमच्या धंद्यात लिहिलेला कागद फेकत नाहीत. टेबलाच्या खणात ठेवली आणि खण बंद केला. तिच्या जागी माझी नवी चिठ्ठी बाजारच्या गमनं चिकटवली : 'लोककल्याणाच्या तळमळीने प्रेरित होऊन कै. अमुक अमुक यांनी हे जलकुंड सिद्ध केले.' जलकुंड. सिद्ध केले. वाक्य सुबक झालं म्हणून मी मनात खूश होते. कोशात एखाद्या जागेचं नाव बदललं तर जुन्या नावापाशी 'पाहा' लिहून नव्याकडं वाट दाखवायची असते. मी तेही लिहिलं नाही. बायजा पार पुसली. आणि गावाला जाऊन वाचून दाखवणं? कोण जातंय वेल्ह्यापर्यंत, सर होते तेव्हा होते... असं म्हणून मी हात धुतले. ती चिठ्ठी मी, बाड आणि भिंत, एवढ्यांनीच पाहिली होती. अध्यक्षांनासुद्धा मी "झालं काम" एवढंच फोनवर सांगितलं.

सोमवारी सकाळी मागची खोली उघडली आणि वास आला. आंबूस. मी दारातच पदर नाकाला लावला. उंदीर मेला असेल म्हणून कोपरे पाहिले. बाड टेबलावर उघडं होतं, त्याच पानावर, आणि माझी चिठ्ठी नव्हती. तिच्या जागी करडी, गुठळ्या झालेली, ओली खळ. मला वाटलं, गम वितळला. बोट लावलं. थंडगार, बुळबुळीत, आणि त्यात एक पांढरा केस. मी नळाखाली हात धरून किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. चिठ्ठी कुठंच सापडली नाही, टेबलाखाली नाही, केरात नाही. अध्यक्षांना फोन केला तर ते पुण्याला, किल्ली त्यांच्या खिशात. मंगळवारीही चिठ्ठी सापडली नाही.

बुधवारी सकाळी ती होती.

सरांची जुनी चिठ्ठी, जी माझ्या खणात होती, ती बाडात आपल्या जागी चिकटवलेली होती. कडेला अंगठ्यानं दाबलेलं स्पष्ट दिसत होतं. खण मी बंद केला होता तसाच बंद. आणि माझी चिठ्ठी पानावर मोकळी पडलेली. दुमडून कोणीतरी खिशात नेली असावी तशी तिला घडी होती, कडा मळलेल्या, आणि सुबक वाक्याच्या शेजारी पेन्सिलीनं भोपळा. खाली बारीक अक्षरात — 'ठकूबाई मरगळे, मंगळवार.'

अक्षर सरांचं. मी सव्वीस वर्षं ते अक्षर उतरवून घेतलंय, मला ते नका शिकवू. भिंग घेऊन जुन्या भोपळ्यांशी ताडून पाहिलं. सरांचा भोपळा वर पूर्ण मिटायचा नाही, तिथं जरा फट राहायची. इथंही होती.

मला भीती वाटली का? आधी राग आला. वाटलं, कोणीतरी माझी चेष्टा करतंय, वस्तीवरच्या लोकांना कुणीतरी सांगितलंय आणि आता मला धडा शिकवतायत. कोण ते हुडकून काढते, म्हणून दुसऱ्या दिवशी निघाले. कापूरहोळ, तिथून हायवेनं नसरापूर, नसरापूरहून वेल्ह्याची एसटी, पुढं वडापची, सीटा भरल्या की सुटणारी जीप. जीपमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी, ती माझ्या चपलेवर शिटली. तिथून तासभर चढ. मी चार वेळा बसले.

ठकूबाई गवतानं शाकारलेल्या झापाबाहेर दगडावर बसल्या होत्या. डोळ्यांत फूल पडलंय, आकार तेवढे दिसतात. सून शेळ्यांना पाला टाकत होती. मी नाव सांगितलं.

"आता तुमी कशाला आलाय बाई?" ठकूबाई म्हणाल्या. "सर यिऊन गेलं की. परवा, मंगळवारी."

"कोण सर, आजी?"

"तुमचंच की. बुकवालं. हितं बसलं, ह्याच दगडावर. कोरा च्या गूळ घालून मागितला, न्हेमीसारका. म्या केला. मग कागुद काडून वाचाया लागलं."

"काय वाचलं?"

त्यांनी सांगितलं. जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या त्या म्हातारीनं, शेळ्यांच्या लेंड्यांत बसून, एकेक शब्द चाचपत म्हटलं, "लोककल्यानाच्या तळमळीनं प्रेरित हूनशान... म्होरं कुणाचं तरी नाव... जलकुंड सिद्द केलं." आणि मला विचारलं, "ह्ये सिद्द करनं म्हंजी काय आसतं बाई? पहारीनं करत्यात?"

माझं वाक्य. त्या तोंडून ऐकलं आणि मला ते आधीच्या खळीपेक्षा बुळबुळीत वाटलं. 

"मग सरांनी इचारलं, आसंच का? म्या म्हनलं, न्हाई. ह्यात माजी आय कुटं हाय? तर सरांनी मान खाली घातली. मग म्हनलं, बाईंनी काडली."

सून पाला टाकायची थांबली होती. ती मंगळवारी म्हशींमागं गेली होती, तिनं कोणाला पाहिलं नाही. पण परत आल्यावर कप मिळाला. ती आत जाऊन तो घेऊन आली, फडक्यात धरून, अंगापासून लांब. कपाच्या कडेला पांढरट, ओला थर. "राख लावून घासला, मातीनं घासला, निगतच न्हाई," ती म्हणाली. "वास बी यतो. शेळ्या जवळ जाईनात."

मी म्हणाले, "आजी, सर गेले. अडीच महिने झाले. मी होते तिथं."

ठकूबाईंनी बसल्या दगडावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तरीच. म्या मनात म्हनलं, एवडा चढ चढून आलं आन् आज धाप कशी लागली न्हाई."

एवढंच. ना किंकाळी, ना अंगारा. मग त्यांनी माझ्या दिशेनं तोंड केलं.

"तुमीच काडली व्हय माजी आय?"

खोटं बोलायला जागा होती. अध्यक्षांवर ढकलता आलं असतं. पण अक्षर माझं होतं. मी "हो" म्हणाले.

मला वाटलं शिव्या देतील, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुनेला हाक मारली, "बाईंना पानी दे. लांबनं आल्यात." सुनेनं तांब्या भरून दिला. "प्या," ठकूबाई म्हणाल्या. "तिचंच हाय."

 मी तांब्या रिकामा केला. मग मोबाईल काढला. सरांच्या चिठ्ठीचा फोटो मी बुधवारीच घेऊन ठेवला होता. त्यांच्यासमोर खाली बसले आणि मोठ्यानं वाचलं. म्हशी, खडक, पहार, शिळा, बायजा. शेवटी विचारलं, "असंच का?"

"व्हय," ठकूबाई म्हणाल्या. "आसंच."

निघताना सुनेनं तो कप माझ्या हातात कोंबला. "न्या बाई ह्यो. आमाला नगो घरात."

पुढचं थोडक्यात सांगते. बाड छापखान्यात मी स्वतः नेलं. बायजाची नोंद होती तशी लावून घेतली, प्रुफं मीच तपासली, आणि पहिल्या पानावरचं माझं नाव माझ्याच हातानं खोडलं. संपादक म्हणून एकट्या शिंत्रेसरांचं नाव छापलं. अध्यक्षांना कळलं ते पाडव्याला, व्यासपीठावर पानं उलटताना. दातातलं कार्ड तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मला "उद्यापासून येऊ नका" असं सांगितलं, आणि मी गेले नाही. आता भोंगवलीला भावाच्या घरी असते. गावातल्या पोरींना फावल्या वेळात वाचायला शिकवते. बरं चाललंय.

लोक म्हणतात — म्हणजे बहीण म्हणते — की ठकूबाईंना कोणीतरी चिठ्ठी वाचून दाखवली असेल. कोणी? चिठ्ठी त्या वेळेपर्यंत माझ्याशिवाय कोणी पाहिली नव्हती. अध्यक्षांच्या किल्लीनं कोणी आत गेलं असेल. जाईलही, पण अध्यक्षांचा माणूस त्यांच्याच आजोबांवर भोपळा काढून, माझ्या बंद खणातली चिठ्ठी परत लावून, खळ शिजवून वेल्ह्याला चढून जाईल? म्हातारीला भास झाला म्हणावं तर 'लोककल्याणाच्या तळमळीने' हे शब्द भासात येतात का? मी सगळ्या बाजूंनी पाहिलंय. संदर्भ तपासायचीच सवय आहे मला. याला संदर्भ सापडत नाही.

भुताची मला आजही भीती वाटत नाही. जे डाचतं ते वेगळंच आहे. मेलेला माणूस नोंद वाचून दाखवायला तो चढ चढून गेला, आणि मी धडधाकट असून गेले नव्हते.

कप माझ्या फळीवर आहे. वहिनी रोज म्हणते, टाका ते घाणेरडं. मी, जिला पुस्तकातला एक केस सहन होत नाही, ती रोज सकाळी कपाच्या कडेला अंगठा लावून पाहते. किती महिने झाले, वर ऊन तापलंय, पत्र्याखालची खोली आहे... खळ अजून ओली आहे. अंगठा चिकटतो. किळस येते. तरी धुतलेला नाही.